तबकडीवरचं नाव

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढलं, की माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे दोन काळवंडलेल्या समया, आकाशकंदिलाचा मोडका सांगाडा आणि एक पत्र्याची पेटी खाली आली. पेटीचं कुलूप कधीच गंजून गेलं होतं. माझी नऊ वर्षांची नात मदतीला होती. म्हणजे मी एक वस्तू पुसून ठेवावी आणि तिनं ती पुन्हा उचलून पाहावी, अशी आमची मदत चालली होती.

“आजी, ही काळी ताटली कसली गं?”

“ताटली नव्हे, तबकडी. हिच्यात गाणं असतं.”

तिनं तबकडी उलटीपालटी करून पाहिली. बटण नाही, तार नाही. गाणं कुठं असावं ते तिला कळेना. मग तिनं मधल्या गोल कागदावरची पुसट अक्षरं लावून लावून वाचली आणि विचारलं, “कामिनी कोण?”

हातातलं फडकं तसंच राहिलं. नेमका हाच प्रश्न सुमारे सत्तर वर्षांपूर्वी, हीच तबकडी हातात धरून, माझ्या आईनं विचारला होता. तेव्हा मी माझ्या नातीहूनही लहान होते.

आई मालाडला आली ती १९४९ सालच्या वैशाखात, लग्न होऊन. माहेर सांगलीचं, वय एकोणीस. आजचं मालाड पाहून त्या मालाडची कल्पना करणं अवघड आहे. अंधेरी सोडून गाडी पुढं निघाली, की दोन्ही अंगांना भातखाचरं लागायची. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. मालाड त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीतही नव्हतं. ‘मुंबईला दिली’ म्हणून सांगलीत मिरवलेली मुलगी इथं आली आणि पहिल्या रात्री बेडकांचा आवाज ऐकून म्हणाली, “अहो, मुंबई अजून किती लांब आहे?” हा प्रश्न आमच्या अण्णांनी तिला जन्मभर ऐकवला.

गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले आणि अण्णांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. आईचं माहेरचं नाव आणि आमच्या धाकट्या आत्याचं नाव एकच होतं. एका घरात दोघींना एकाच नावानं हाक मारली तर ओ कुणी द्यायची? आजीचा हा सवाल बिनतोड होता. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पेढे वाटले गेले, नाव घरात रूढ झालं. पुढं चार वर्षांनी आत्याचं लग्न झालं, तिचंही नाव सासरी बदललं, आणि ज्या नावावरून अडचण आली होती ते नाव आमच्या घरात कुणाचंच उरलं नाही! पण परत मागून घ्यायला नाव म्हणजे काही शेजारी दिलेली परात नव्हे.

आमच्या बिऱ्हाडापासून चालत बारा-पंधरा मिनिटांवर बाँबे टॉकीजचा स्टुडिओ होता. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली तो मालाडला उभारला. परदेशातून यंत्रं आणली, जर्मन तंत्रज्ञ आणले आणि एका आडगावाचं नाव साऱ्या हिंदुस्थानभर केलं. १९३६ चा ‘अछूत कन्या’ इथलाच, १९४३ चा ‘किस्मत’ही इथलाच. आई आली तेव्हा हिमांशू राय जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि देविकाराणी चित्रपटसृष्टी सोडून गेल्या होत्या. स्टुडिओचा कारभार अशोककुमार आणि सावक वाच्छा यांच्या हाती होता. भाजी आणायला जाताना आई त्या बाजूनं जायची. आत काय चालतं ते दिसत नसे. आजीचा दंडक असा, की त्या बाजूला मान वळवायची नाही. आई मान वळवीत नसे. पण कानांना कोण वळण लावणार?

ह्या स्टुडिओबद्दल पुढं मी जेवढं वाचलं, तेवढी माझी एक गंमतशीर खात्री होत गेली, की मालाड हे नावं बदलण्याचं गाव असलं पाहिजे. कुमुदलाल गांगुली इथं आले आणि अशोककुमार झाले. युसूफ खान नावाच्या तरुणाला देविकाराणींनी इथंच दिलीपकुमार केलं. १९४४ च्या ‘ज्वार भाटा’त तो पहिल्यांदा पडद्यावर आला. ‘अछूत कन्या’चं संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी ह्या मुळच्या पारशी, खुर्शीद मिनोचेर-होमजी. पारशी घरातल्या मुलीनं सिनेमात जावं हे त्यांच्या समाजाला रुचेना. म्हणून हिमांशू रायांनी त्यांना नवं नाव दिलं. बायकांनी बोलपटांना संगीत देणं जवळजवळ कुणी ऐकलंही नव्हतं, त्या काळात ह्या बाईंनी ते दिलं, आणि तेही उसन्या नावाखाली. अशा ह्या गावी माझी आई नव्या नावानं आली, त्यात नवल ते काय!

आणि त्याच सुमारास आणखी एक मुलगी ह्या स्टुडिओत येत-जात होती. आईहून वर्षानं मोठी. १९४२ साली वडील, मास्टर दीनानाथ, गेले आणि तेराव्या वर्षाच्या आत-बाहेर असताना घरचा भार तिच्यावर पडला. नाना चौकाजवळ राहायची, ग्रँट रोडला गाडीत बसायची आणि मालाडला उतरायची. तिचा आवाज फार पातळ आहे, असं सांगून एका बड्या निर्मात्यानं तिला परत पाठवलं होतं. संगीतकार गुलाम हैदर मात्र हट्टाला पेटले. गोरेगाव स्टेशनाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना त्यांनी सिगारेटच्या डब्यावर ठेका धरला आणि तिच्याकडून तिथंच गाणं म्हणवून घेतलं. मग दोघं मालाडला गेली आणि बाँबे टॉकीजच्या १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये तो पातळ आवाज घुमला. लताबाईंनी ही हकिकत स्वतः अनेकदा सांगितली आहे. गोरेगावच्या फलाटावर आजही रोज लाखो माणसं गाडीची वाट पाहतात. आपण उभे आहोत तिथं कधी काय घडून गेलं, याचा कुणाला पत्ता असतो?

ह्याच लोहमार्गावरची दुसरी गोष्ट तर अण्णांची फार आवडती. लताबाई ‘जिद्दी’च्या गाण्यासाठी निघाल्या होत्या. महालक्ष्मीला कुर्तापायजमा घातलेला, हातात काठी घेतलेला एक तरुण डब्यात चढला. त्या मालाडला उतरल्या, तोही उतरला. त्यांनी टांगा केला, तर त्याचा टांगा मागं हजर! स्टुडिओत पोचल्या पोचल्या त्यांनी संगीतकार खेमचंद प्रकाशांकडे तक्रार केली, की हा कोण मुलगा माझ्या मागं लागलाय? खेमचंदजी हसत सुटले. तो अशोककुमारांचा धाकटा भाऊ किशोर होता, आणि त्याच ‘जिद्दी’त गायला निघाला होता. त्याचंही मूळ नाव आभास. मालाडच्या हवेत काहीतरी होतं, हे मी उगीच म्हणत नाही.

ह्याच खेमचंद प्रकाशांनी संगीत दिलेला ‘महल’ १९४९ च्या ऑक्टोबरात प्रकाशित झाला. आईअण्णा पहिला दिवाळसण आटोपून सांगलीहून परतले होते. ‘फोर्टात अण्णांच्या साहेबांकडे हळदीकुंकू आहे’ अशी थाप आजीला मारून दोघं शहरात जाऊन ‘महल’ पाहून आली. साहेब पारशी होता. पण आजीला तेवढी चौकशी सुचली नाही.

चित्रपट आई कधी विसरली नाही. ओसाड हवेली, भिंतीवर हुबेहूब स्वतःसारख्या दिसणाऱ्या माणसाची तसबीर, झुलणारं झुंबर, घड्याळाचे टोले, आणि मग कुठूनतरी लांबून येणारं ते गाणं. गाण्याचं नाव मी सांगायला नको. ‘महल’ म्हटलं की तेच ओठांवर येतं. कमाल अमरोही यांचं हे पहिलंच दिग्दर्शन, जर्मन छायालेखक जोसेफ विरशिंग यांचा कॅमेरा, बिमल रॉय यांचं संकलन. नायक अशोककुमार चाळिशीकडे झुकलेले आणि नायिका मधुबाला अवघी सोळा वर्षांची. मात्र आई परत आली ती मधुबालेला पाहून नव्हे, तर त्या आवाजाला ऐकून. “गाडीत मी काही बोललेच नाही,” ती सांगायची, “ह्यांना वाटलं, भुताला घाबरले.”

आईचा गळा चांगला होता. सांगलीला तिला दोन वर्षं गाण्याची शिकवणी होती. लग्न ठरलं तशी ती बंद झाली. मालाडच्या घरात देवापुढची आरती आणि मंगळागौरीची गाणी एवढंच गाणं चालायचं. सिनेमाचं गाणं म्हटलेलं आजीला खपत नसे. पण आजी दुपारी वामकुक्षीला आडवी झाली, की स्वयंपाकघरातून हलकेच सूर यायचा. लाटण्याच्या चालीवर, पोळी उलटण्याच्या बेतानं. पुष्कळदा मला वाटतं, आजी जागीच असायची. कारण आईचं गाणं संपल्याखेरीज ती कधी कुशीवर वळल्याचं मला आठवत नाही.

१९५७ साली दोन मोठ्या घटना घडल्या. मालाड मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आलं आणि आमच्या घरात फोनो आला. पहिल्या घटनेनं आमच्या आळीत फारसा फरक पडला नाही, दुसरीनं पडला. दिवाळीच्या बोनसातून अण्णांनी चोरबाजारातून एक जुना, हातानं किल्ली देण्याचा फोनो आणला आणि त्याबरोबर चार तबकड्या. तीन भक्तिगीतांच्या, आजीच्या समाधानासाठी. चौथी त्यांनी कोटाच्या आतून काढून आईच्या हातात दिली. ती ‘महल’ची होती.

आईनं तिच्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, “कामिनी कोण?”

गाणारीचं नाव तिथं ‘कामिनी’ असं छापलं होतं. पडद्यावर जे पात्र गातं त्याचं नाव तबकडीवर घालायची, अशी त्या काळी चाल होती. पूर्वी नटनट्या स्वतःच गात, तेव्हाची ही रीत पार्श्वगायन आलं तरी चालूच राहिली होती. तोवर त्या आवाजाचं खरं नाव साऱ्यांना ठाऊक झालं होतं. गाणं पहिल्यांदा नभोवाणीवर लागू लागलं, तेव्हा ‘ही गायिका कोण?’ असं विचारणारी पत्रं इतकी आली, की नभोवाणीला रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवून सांगावं लागलं, असं म्हणतात. पण छापलेल्या तबकडीवर मात्र कामिनी ती कामिनीच.

“अहो, पण सिनेमात तरी कामिनी कुठं असते?” आई म्हणाली. अण्णा किल्ली देत होते, ते थांबले.

आईचं खरं होतं. ‘महल’ पाहिलेल्यांना आठवत असेल. कामिनी तर कधीच मेलेली. तिचं भूत म्हणून जी वावरते, ती माळ्याची मुलगी आशा. त्या आशेचं काम करणारी मधुबाला. आणि मधुबालेचं खरं नाव मुमताज जहाँ बेगम. तिला आवाज देणारी लता. जन्मल्यावर तिचं नाव हेमा ठेवलं होतं, आणि ‘लता’ हे नाव तरी कुठून आलं? वडिलांच्या नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलेल्या गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून! एका गाण्यामागं इतक्या नावांचे पडदे. आणि त्यांतून तबकडीवर छापायला निवडलं कुठलं, तर जी बाई मुळात सिनेमातही हयात नव्हती तिचं.

“जी नाहीच तिचं नाव छापलं,” आई म्हणाली, “आणि जिनं घसा कोरडा केला तिचं नाही.”

हे ती चिडून म्हणाली नाही. कढईतला चकलीचा घाणा काढायचा होता, ती उठून आत गेली. पण अण्णा बराच वेळ किल्ली न देता बसून राहिले, हे मला स्पष्ट आठवतं.

मग तबकडी लागली. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी ती फिरू लागली आणि सुईच्या खरखरीतून तो आवाज आला. सुरुवातीला ताल जवळजवळ नाहीच. लांबून, थांबत थांबत येणारे शब्द. आई झारा हातात घेऊन दारात उभी होती.

“ती चालत येतेय,” आई म्हणाली.

“कोण?”

“गाणारी. गाता गाता चालत येतेय. आधी लांब होती, आता जवळ आली.”

अण्णा हसले. “अगं, ते यंत्रानं करतात. आवाज लहान करायचा, मग मोठा करायचा. आपल्या रेडिओचा कान पिळतो तसं.”

“कान पिळून आवाज मोठा होतो,” आई म्हणाली, “जवळ येत नाही.”

ह्या वादाचा निकाल लागायला कितीतरी वर्षं जावी लागली. लताबाईंची एक मुलाखत छापून आली. तिच्यात त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची हकिकत होती. स्टुडिओत मधोमध मायक्रोफोन ठेवला होता. त्या लांबच्या कोपऱ्यातून गात गात, एकेक पाऊल टाकीत मायक्रोफोनकडे यायच्या, आणि गाण्याचं धृपद सुरू व्हायला आणि त्या मायक्रोफोनशी पोचायला एकच गाठ पडायची. ते जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा तालीम चालली होती. सारं मालाडला, आमच्या घरापासून बारा-पंधरा मिनिटांवर. अण्णांनी मासिक मिटलं, चष्मा काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, “तुझं बरोबर होतं. चालतच आली होती.” अण्णांनी आपली चूक कबूल केल्याचे प्रसंग आमच्या घरात मोजके, त्यांपैकी हा एक.

आई नुसती हसली. पण त्या रात्री वीज गेली, तेव्हा तिनं एक मजा केली. आम्ही भावंडं ओटीवर पडलो होतो. ती मागच्या मोरीपाशी गेली आणि तिथून ते गाणं म्हणत, माजघरातून, अंधारातून, सावकाश आमच्यापर्यंत आली. आजी तेव्हा राहिली नव्हती. कुणीच काही बोललं नाही. आई जवळ येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या बांगड्या वाजल्या, एवढंच. एवढा आवाज ह्या बाईच्या गळ्यात इतकी वर्षं कुठं होता, असा प्रश्न मला त्या रात्री प्रथमच पडला. आणि तो मी तिला विचारला मात्र नाही.

लताबाईंचं नाव पुढं कुणाला सांगायची गरज उरली नाही. खेमचंद प्रकाशांना मात्र हे फारसं पाहायला मिळालं नाही. ‘महल’नंतर वर्षभरात, १९५० साली, ते वारले. ‘महल’चं संकलन करणाऱ्या बिमल रॉय यांनी १९५८ साली स्वतःचा ‘मधुमती’ काढला, तीही पुनर्जन्माचीच कथा. आणि फिल्मफेअरनं १९५९ साली पार्श्वगायनाला पहिल्यांदा पारितोषिक ठेवलं, ते त्याच ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी लताबाईंना मिळालं. तबकडीवर जिचं नाव नव्हतं, तिच्या आवाजाला अखेर स्वतःचं पारितोषिक मिळालं. आईनं ते कात्रण जपून ठेवलं होतं. पुढं ह्याच लताबाईंनी ‘आनंदघन’ ह्या टोपणनावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं. १९६५ च्या ‘साधी माणसं’साठी राज्य सरकारचं पारितोषिक आनंदघनला जाहीर झालं, तेव्हा त्या प्रेक्षकांत गुपचूप बसून होत्या. मी आईला म्हटलं, “बघ, आता त्यांनीच नाव लपवलं.”

“स्वतःहून लपवणं निराळं,” आई म्हणाली. “ती हवं तेव्हा उठून ‘मी’ म्हणू शकते.”

१९७४ साली दादरच्या एका कार्यालयात माझं लग्न झालं. सासरची माणसं सुस्वभावी. गृहप्रवेशानंतर तांदळाचं ताट पुढं आलं. सासूबाईंनी एक नवं नाव ठरवून ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याच्या नावाशी शोभणारं, गोड नाव. पाठराखणीला म्हणून आई माझ्याबरोबर आली होती. जन्मात व्याह्यांपुढं वर मान करून न बोललेली ती बाई पुढं झाली आणि शांतपणानं म्हणाली, “विहीणबाई, एक मागणं आहे. मानपानात आमचं काही उणं राहिलं असेल तर सांगा, भरून देऊ. पण मुलीचं नाव आहे तेच राहू द्या.”

सगळे गप्प झाले. अशा वेळी गप्प होणं किती लांबतं! माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. अंगठी उचलून त्यानं तांदळात माझं होतं तेच नाव लिहिलं. सासूबाई क्षणभर हिरमुसल्या; मग त्यांनीच पहिला पेढा आईच्या तोंडात घातला. परतताना गाडीत अण्णांनी आईला विचारलं म्हणे, “तुला इतकं लागलं होतं, तर कधी बोलली का नाहीस?” आई म्हणाली, “तुम्ही दिलेलं नाव वाईट नव्हतं हो. तुम्ही त्या नावानं हाक मारलीत ती प्रेमानंच मारलीत. पण पहिलं नाव कुठं ठेवू, हे कुणी सांगितलं नाही.”

आई २०११ साली गेली. शेवटचे काही दिवस तिला ग्लानी असे. मी हाक मारायची, भाऊ मारायचा, शेजारच्या बायका तिच्या सासरच्या नावानं हाक मारायच्या. ती डोळे उघडत नसे. एके दिवशी सांगलीहून धाकटी मावशी आली. जिना चढतानाच तिनं आईला माहेरच्या नावानं हाक मारली. मग दारातून मारली, मग ओटीवरून, मग माजघरातून. आवाज जवळ जवळ येत गेला. आणि ती खाटेशी पोचली तेव्हा आईनं डोळे उघडून “ओ” दिली. परकरी मुलगी अंगणातून देते, तशी ओ.

तिच्या मागं आवराआवर करताना ही पेटी मी पहिल्यांदा उघडली. तबकडीला कडेशी चीर गेलेली होती. लाखेच्या तबकड्या पापडासारख्या, जपाव्या तितक्या थोड्याच. पण तिचं तपकिरी कागदी पाकीट शाबूत होतं. त्यावर आईच्या वळणदार अक्षरात शिसपेन्सिलीनं दोन ओळी होत्या. पहिली: ‘गाणारीचं नाव — लता मंगेशकर.’ दुसरी: ‘तबकडी कुणाची —’ आणि त्यापुढं तिनं आपलं माहेरचं नाव लिहिलं होतं. खाली तारीख होती, १९५७ च्या लक्ष्मीपूजनाची. म्हणजे अण्णांनी तबकडी दिली त्याच रात्री, चकल्या तळून झाल्यावर.

मध्यंतरी मी बाँबे टॉकीजच्या जागेकडे जाऊन आले. १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांतच स्टुडिओ बंद पडला. त्या भागाला लोक अजून त्याच नावानं ओळखतात. मात्र तिथं लहान लहान कारखाने झाले. पत्रे ठोकण्याचा, यंत्रं फिरण्याचा आवाज. एका मुलाला मी विचारलं, “इथं पूर्वी काय होतं, ठाऊक आहे?” तो म्हणाला, “टॉकीज होती ना!” थिएटर होतं, असं त्याला वाटत होतं. मी त्याची चूक दुरुस्त करीत बसले नाही. त्या गलक्यात एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी कोपऱ्यातून गात गात चालत यायची, हे त्याला कसं सांगावं, ते मला सुचलं नाही.

वाचक विचारतील, की एवढं नावांचं पुराण लावलंत, मग आईचं नाव कुठं आहे? आई म्हणायची, “आपल्यासारख्यांचं नाव पेपरात येतं एकदाच, आणि तेही वाचायला आपण नसतो.” ते एकदाही छापू नये, अशी तिची इच्छा होती. ती मी तेव्हाही पाळली, आताही पाळते. स्वतःहून लपवणं निराळं, हे तीच सांगून गेली आहे.

पण घरात आम्ही एक केलं. यंदाच्या आवराआवरीत आईची तसबीर भिंतीवरून उतरवली होतीच. तिच्याखाली इतकी वर्षं एकच नाव होतं. नातीनं पाकिटावरचं अक्षर पाहून पाहून, जीभ दातांत धरून, त्या नावाच्या वर माहेरचं नाव लिहिलं.

“ह्यातलं पणजीचं खरं नाव कोणतं?” तिनं विचारलं.

“दोन्ही,” मी म्हटलं. “पण हे आधीचं.”

फोनो आता चालत नाही. मुलानं आपल्या मोबाईलवर ते गाणं लावलं. स्वच्छ, खरखरीशिवाय. नात काही वेळ ऐकत राहिली, मग माझा पदर ओढून हळूच म्हणाली, “आजी, कुणीतरी चालत येतंय.”